आधी कोण बदललं

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी त्रिशला मगदूम हिने मनगटावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि सातवी बैठक तिथेच संपली. मिरजेतल्या त्या समुपदेशन केंद्राच्या खोलीत तेव्हा तिघे होते: त्रिशला, तिचा नवरा भरतेश आणि समुपदेशक शाहीन मुल्ला. कुणीही आवाज चढवला नव्हता. भरतेशने आपल्यासमोरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. तिने तो घेतला नाही.

"पट्टा काढलात तर असहकार म्हणून नोंद होते," शाहीन म्हणाली. "आठ बैठका पूर्ण व्हायला लागतात. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"एकच राहिलीय."

"मला हा नको आता," त्रिशला म्हणाली.

टेबलाच्या मधोमध गवंड्याच्या लेव्हलसारखी काचेची नळी होती. तिच्यातला हिरवा ठिपका त्रिशलाच्या बाजूला बराच कलला होता. पट्टा निघताच तो होता तिथे थांबला. त्रिशला ७१, भरतेश २९. या संसारात सत्ता बायकोच्या हातात आहे, असा त्याचा अर्थ. हाच आकडा न्यायालयात जाणार होता आणि नऊ वर्षांची ओवी आईकडे राहणार की वडिलांकडे, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरणार होते.

यंत्राचे कागदावरचे नाव 'समभाव'. केंद्रातले सगळे त्याला काटा म्हणतात.

काटा का आला, याचे कारण सरळ आहे. जोडप्याच्या समुपदेशनात दोघांना सारख्या खुर्च्या मिळतात, पण दोघे सारखे नसतात. एकाकडे घर असते, पैसा असतो, नातेवाईक असतात, किंवा नुसता धाक असतो. दुसरा माणूस घरी गेल्यावर काय होईल याचा विचार करून बोलतो. समुपदेशकाने दोघांना समान वेळ दिला तर तो बलवानाच्याच कामी येतो. आणि खोलीतला बलवान कोण, हे ओळखण्यात अनुभवी माणसेही चुकतात.

पुण्यातल्या एका कंपनीने यावर उपाय काढला. एकत्र राहणाऱ्या दोन माणसांची शरीरे एकमेकांशी जुळत जातात, हे जुनेच ज्ञान. नाडी, श्वास, त्वचेवरचा घाम, आवाजाची पट्टी, सगळे एकमेकांच्या तालावर वरखाली होते. पण अगदी एकाच क्षणी नाही. एक जण काही सेकंद पुढे असतो, दुसरा मागून येतो. काटा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो: एकाचे मागचे अर्धे मिनिट माहीत असेल, तर दुसऱ्याचा पुढचा क्षण जास्त अचूक सांगता येतो का? येत असेल तर पहिला चालवतो, दुसरा चालतो. मिनिटाला शेकडो वेळा हा हिशेब होतो आणि त्यातून झुकाव निघतो.

नुसते मोजून काटा थांबत नाही. झुकाव ज्याच्याकडे जास्त, त्याच्या मनगटावरचा पट्टा तो बोलू लागला की थरथरतो. त्याचा अर्थ, थांबा, समोरच्याला बोलू द्या. दुसऱ्याला आधी आणि जास्त वेळ मिळतो. तीन वर्षांपूर्वी मुलांच्या ताब्याच्या दाव्यात हा अहवाल सक्तीचा झाला आणि झुकाव ज्याच्याकडे जास्त, त्याला ताबा मिळणे अवघड झाले.

शाहीनचा काट्यावर विश्वास होता आणि त्याला कारण होते. पहिल्याच वर्षी तिच्याकडे तालमीत वाढलेला एक माणूस आला होता. मिशा, आवाज हॉलभर, बायको कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. शाहीनने मनात निकाल लावून टाकला होता. काटा बायकोकडे झुकला. चौकशी केली तेव्हा कळले, या गड्याला घरात चहा हवा असेल तरी विचारून मिळतो आणि मोठी बहीण दवाखान्यात आहे हे त्याला महिन्याने समजले होते. तेव्हापासून शाहीन खोलीत आधी नळीकडे बघायची, मग माणसांकडे.

मगदूम पतीपत्नींच्या पहिल्या बैठकीतही तिने तसेच केले.

भरतेशचे औद्योगिक वसाहतीत बेदाण्याचे शीतगृह आहे. उंच, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. समाजात दोन भावांचे वाटणीवरून अडले की त्याला बोलावतात. त्रिशला एका रुग्णालयात एक्स-रे काढते. चार महिन्यांपूर्वी ती ओवीला घेऊन इचलकरंजीला भावाकडे गेली आणि तिने वेगळे होण्याचा अर्ज केला.

"तुमची तक्रार काय आहे?" शाहीनने विचारले.

"ते जेवत नाहीत," त्रिशला म्हणाली.

शाहीनने पुढच्या वाक्याची वाट पाहिली.

"म्हणजे मनासारखं नाही झालं की जेवत नाहीत. आम्ही जैन, आमच्याकडे दिवस बुडायच्या आत जेवतात. ताट वाढलेलं असतं. ते येतात, पाटावर बसतात, ताटाकडे बघतात आणि हात जोडून उठतात. बोलत नाहीत काही. मग दुसऱ्या दिवशी ऊन येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. मुलगा उपाशी म्हणून सासूबाई जेवत नाहीत. मग मी कशी जेवू?"

"कशावरून उठतात?"

"ते सांगत नाहीत. मी शोधायचं असतं."

"उपवास करणं गुन्हा असेल तर माझी कबुली आहे, मॅडम," भरतेश म्हणाला. "मी हिला कधी वाईट शब्द बोललोय का, विचारा."

"नाही बोलले."

"हात उचलला?"

"नाही."

"नोकरी सोड म्हणालो?"

"नाही. नोकरीवरून मी उशिरा आले की..." पट्टा थरथरला. त्रिशला वाक्याच्या मध्येच थांबली आणि तिने हात मांडीवर घेतला.

"शीतगृहवाला माणूस मी," भरतेश म्हणाला. "मी तापतच नाही."

शाहीनला हसू आले. त्रिशलाही हसली होती, पण त्याचा विनोद पूर्ण व्हायच्या आधी. हे शाहीनच्या तेव्हा लक्षात आले नाही. काट्याच्या आले. नळीतला ठिपका आणखी थोडा त्रिशलाकडे सरकला.

नियमाप्रमाणे बैठकांबरोबर घरातलेही मोजमाप लागते. त्यासाठी दोघांना पट्टे बांधून एका छपराखाली राहावे लागते. त्रिशला ओवीला घेऊन मिरजेला परत आली. ज्या घरातून निघायचे म्हणून अर्ज केला, त्याच घरात अर्जासाठी राहायचे. "सासूबाई म्हणाल्या, सरकारनंच धाडली का परत, बरं झालं," तिने शाहीनला सांगितले. ते सांगताना ती हसली.

घरातले आलेख आले तेव्हा शाहीनने ते दोनदा पाहिले. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास त्रिशलाची नाडी चढू लागे. भरतेश तेव्हा शीतगृहात असे, शांत. तो घरी येई. तिचा आवाज उतरे, मग काही सेकंदांनी त्याचा श्वास संथ होई. तिची चाल वाढे, मग तो सैल पडे. आठवडाभर हेच. प्रत्येक वेळी ती आधी, तो नंतर. आलेखाकडे बघून कुणालाही वाटावे, ही बाई नवऱ्याला दोरीने खेळवते आहे.

शाहीनला पहिल्या बैठकीतले ते हसू तेव्हा आठवले. तिने पुण्याला कंपनीत फोन लावला. चिन्मयी देवधर ही तिथली अभियंता, काट्याच्या गणितावर काम करणारी.

"तुमचं गृहीतक असं की आधी बदलतो तो चालवतो," शाहीन म्हणाली.

"गृहीतक नाही मॅडम, व्याख्या आहे. सत्ता म्हणजे दुसऱ्याला बदलायला लावणं. ती मोजायची तर आधी कोण बदललं तेच बघावं लागतं."

"आभाळ बघून एक बाई वाळत घातलेले कपडे आत नेते. मग पाऊस पडतो. तुमच्या काट्याला विचारलं तर पाऊस त्या बाईनं पाडला."

"आभाळाला पट्टा बांधला असता तर आभाळातला बदल आधी दिसला असता."

"या आभाळात काही दिसायची वेळच येत नाही. त्याच्या कपाळाला आठी पडायच्या आत ती सगळं सावरून बसलेली असते. बारा वर्षांचा सराव आहे तिला."

"तुम्हाला काय हवंय?" चिन्मयीने विचारले.

"अहवालात लिहा. चालवणारा आणि धास्तीनं अंदाज बांधणारा, यांतला फरक यंत्राला कळत नाही."

"असं एका अहवालात लिहिलं तर बाकीचे सगळे उघडावे लागतील, मॅडम. निकाल लागलेत त्यांचे. मुलं इकडची तिकडं गेलीत. एक मात्र करता येईल. त्यांना सांगा, अंदाज बांधू नका. त्या थांबल्या की त्यांच्या मिस्टरांमधला बदल आधी येईल आणि काटा आपोआप सरकेल."

"म्हणजे यंत्र दुरुस्त करायचं नाही, बाईला करायचं."

"सध्या तेच सोपं आहे," चिन्मयी म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

सहाव्या बैठकीनंतर शाहीन त्रिशलाच्या रुग्णालयात गेली. पक्षकाराला असे एकटे भेटणे नियमात बसत नाही. त्रिशला काचेमागे उभी राहून एका म्हाताऱ्या माणसाला सांगत होती, "श्वास घ्या आजोबा. धरून ठेवा. धरून ठेवा. हं, सोडा आता."

शाहीनने तिला आभाळाचे आणि कपड्यांचे सांगितले. त्रिशलाने ते लगेच मान्य केले, जणू कुणीतरी तिचाच पत्ता तिला वाचून दाखवला होता.

"मग मी काय करू?"

"काही करू नका. आधी त्यांना बदलू द्या."

"उठू द्यायचं ताटावरून?"

"उठले तर उठू द्या. तुम्ही त्याच्या आधी हलायचं नाही. आकडा मधे आला की माझ्या शेऱ्याला वजन येईल. ओवी तुमच्याकडे राहू शकेल."

"जमेल का माहीत नाही," त्रिशला म्हणाली. "मी ते करते हेच मला कळत नाही. श्वास घेतो तसं होतं ते."

"मग धरून ठेवा थोडा वेळ."

त्रिशला हसली. या वेळी विनोद संपल्यावर.

त्यानंतरचा रविवार होता. भरतेश पाय धुऊन आला आणि पाटावर बसला. दोडक्याची भाजी, आमटी, दही, ज्वारीची भाकरी. सासूबाई, म्हणजे कुसुमाक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओवी पलीकडे चित्र रंगवत होती. भरतेशने ताटाकडे पाहिले. त्याने उजव्या हाताचा अंगठा ताटाच्या काठावरून हळूच फिरवला.

त्रिशलाच्या मानेत कळ आली. नाराजीचे कारण तिला माहीत होते. दुपारी इचलकरंजीहून भावाचा फोन आला होता आणि ती गॅलरीत जाऊन बोलली होती. एरवी तिने आतापर्यंत तवा पुन्हा तापवला असता, भावाने काय म्हटले ते आपणहून सांगितले असते, न म्हटलेलेही सांगितले असते. तिने हात मांडीवर ठेवले. पट्टा गप्प होता. भरतेशचा अंगठा पुन्हा फिरला. त्याचा श्वास बदललेला तिला ऐकू आला, आणि कदाचित पहिल्यांदाच पट्ट्यालाही. ठिपका त्या घटकेला मध्याकडे सरकत होता, हे नंतर आलेखात दिसले. सांगितल्याप्रमाणे सगळे होत होते.

ओवी उठली. तिने रंगाचा खडू खाली ठेवला, आत गेली, गरम भाकरी घेऊन आली आणि वडिलांच्या ताटात ठेवली.

"बाबा, मामाचा फोन मीच घेतला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "आई बोललीच नाही. मीच म्हटलं, ती कामात आहे."

भरतेशने तिच्याकडे पाहिले. मग भाकरी मोडली.

"शहाणी आहे माझी पोर," तो म्हणाला.

"आईवर गेली नाही ते बरंच झालं की," कुसुमाक्का म्हणाल्या आणि त्यांनी आपले ताट ओढून घेतले.

वडिलांनी पहिला घास घेईपर्यंत ओवी तिथेच उभी होती. घास गिळलेला पाहिल्यावर तिने श्वास सोडला. तिच्या मनगटावर पट्टा नव्हता, त्यामुळे याची नोंद कुठे नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसची वाट पाहताना त्रिशलाने विचारले, "काल बाबा उठणार होते, हे तुला कसं कळलं?"

"अंगठा," ओवी म्हणाली. "उठायच्या आधी ते ताटावरून अंगठा फिरवतात. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग काल तू काहीच केलं नाहीस. मला वाटलं तुला बरं नाहीये." बस वळणावर दिसली. ओवीने दप्तर खांद्यावर घेतले. "बरं नसलं की मला सांगत जा. मी करीन."

त्या रविवारच्या मोजमापात आकडा ५८ पर्यंत उतरला होता. शाहीनने फोन करून तसे कळवले. आणखी चार संध्याकाळी असेच झाले तर तो पन्नाशीच्या खाली येईल, असे ती म्हणाली. त्रिशला "हो" म्हणाली. आणि त्या दिवसापासून तिने उलट केले. ती रुग्णालयातून लवकर निघू लागली. तवा आधी तापवू लागली, फोन बंद ठेवू लागली, भरतेशची गाडी कोपऱ्यावर यायच्या आत दार उघडू लागली. ओवीला उठायची वेळच येऊ नये, इतके आधी. चार संध्याकाळी भरतेश पोटभर जेवला आणि ओवी चित्रे रंगवत राहिली. आकडा ७१ वर गेला. तोवरचा सगळ्यात वरचा.

सातव्या बैठकीत शाहीनने कारण विचारले. त्रिशला सांगू लागली आणि पट्टा थरथरला. ती थांबली. पुन्हा बोलू लागली, पुन्हा थरथरला.

"मी थांबले की ओवी करते," तिने घाईने एवढेच म्हटले. "तिला सगळं कळतं. अंगठासुद्धा."

"मुलगी समजूतदार आहे," भरतेश म्हणाला. त्याचा पट्टा गप्प होता, बोलायला वेळही भरपूर होता. "आईबापाचं मन ओळखणारं लेकरू असावं, असं सगळेच म्हणतात. यात तक्रार कसली, मॅडम, मला खरंच कळत नाही."

त्याला खरेच कळत नव्हते, असे शाहीनला त्याच्याकडे बघून वाटले. तेव्हाच त्रिशलाने पट्टा काढला.

पुढचे थोडक्यात असे. अहवाल ७१ या आकड्यासह गेला. शाहीनने सोबत पानभर शेरा जोडला. शेऱ्याला आलेख नसतो, त्यामुळे तो वाचणे बंधनकारक नाही. कंपनीने कळवले की यंत्र ठरलेल्या व्याख्येप्रमाणे अचूक चालले आहे. त्रिशलाला भावाने विचारले, आता मिरजेत कशाला राहतेस? तिने सांगितले, मी निघाले तर स्वयंपाकघरात कोण जाईल ते मला माहीत आहे. ती तिथेच राहते आहे आणि दिवस बुडायच्या आत ताट वाढते आहे.

मग भरतेशच्या वकिलांनी अर्ज दिला. आईने पट्टा नाकारला आहे, तेव्हा मुलीच्याच मनाचा कल मोजावा. मुलांसाठीचा छोटा पट्टा आता उपलब्ध आहे. त्रिशलाच्या वकिलांनी हरकत घेतली. हरकत टिकली नाही. त्रिशलालाही या बैठकीपुरता पट्टा घालण्याचा आदेश झाला.

मंगळवारी दुपारी मगदूम कुटुंबातले तिघे शाहीनसमोर त्याच खोलीत बसले. ओवी मधल्या खुर्चीवर, पाय जमिनीला टेकत नव्हते. शाहीनने खोक्यातून निळा पट्टा काढला. ती काही बोलायच्या आतच ओवीने मनगट पुढे केले होते. यंत्र अजून सुरू व्हायचे होते.

"घट्ट झालाय का गं?" शाहीनने विचारले.

"नाही, बरोबर आहे," ओवी म्हणाली. मग तिने शाहीनच्या चेहऱ्याकडे पाहिले. "खरंच बरोबर आहे मॅडम. तुम्ही काळजी करू नका."

बैठक वीस मिनिटे चालली. भरतेशने शाळेचे विचारले. त्रिशलाने डब्याचे विचारले. ओवी दोघांशी बोलली, दोनदा दोघांना हसवले, आणि भरतेशचा अंगठा टेबलाच्या काठाला लागला तेव्हा तिने त्याला तिच्या नव्या चित्राचे सांगितले. नंतर तिचा पट्टा थरथरू लागला. ती दचकली आणि गप्प बसली.

तीन टोकांची नवी नळी टेबलावर होती. ठिपका मधल्या खुर्चीकडे गेला आणि तिथेच राहिला.

भरतेश १४, त्रिशला २३, ओवी ६३.

अहवाल त्याच दिवशी संध्याकाळी न्यायालयात दाखल झाला. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.